होट्टलची काळी भिंत, होट्टलची पांढरी माती

पहाटे ४.३०
मार्गशीर्षात देगलूर भागात सूर्य पावणेसातच्या सुमारास वर येतो, आणि कोरीव कामाला त्याचा पहिला तासच लागतो. म्हणून नांदेडहून अंधारातच निघायचं. नायगाव, नरसी मागे पडतं. देगलूरच्या टपरीवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच बाकावर चहा पीत बसलेल्या असतात. तिथून होट्टल जवळच.

सकाळी ६.४५
सिद्धेश्वराचं देऊळ काळ्या दगडाचं, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण. याच घराण्यातल्या सहाव्या विक्रमादित्याने १०७६ पासून पन्नास वर्षं राज्य केलं. सीमारेषा पुसून पाहिलं तर होट्टल कडेला पडलेलं खेडं वाटत नाही. ते या राजवटीच्या ऐन मुलखात होतं.

काळ्या दगडापुढे कॅमेऱ्याचं मोजमाप चुकतं. तो दगडाला राखाडी करू पाहतो. एक स्टॉप उजेड कमी केला की दगड पुन्हा काळा होतो. मग पूर्वेकडच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं आणि सुरसुंदरींच्या गळ्यातले सर, कमरेच्या मेखला, बोटांची पेरं दगडातून वर उठतात. ऊन जसं वर चढतं तशा सावल्या आखडतात, म्हणून हात भरभर चालवावा लागतो. प्रत्येक शिल्पाचे दोन फोटो : एक नुसता, एक शेजारी मोजपट्टी ठेवून. पुढे कुणी अभ्यासक बसला तर त्याला मूर्तीची उंची कळायला हवी. पूर्ण भिंत टिपताना प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा, तरच ते जोडून भिंतीचा आराखडा बनतो. देवळाचा जीर्णोद्धार झालेला आहे. जुना दगड कुठे संपतो आणि नवा कुठे लागतो, हे मी मुद्दाम स्पष्ट दाखवतो.

९.१५
पूजेची माणसं येतात. स्टँड बाजूला घ्यायचा, बूट बाहेर, कॅमेरा खाली. देऊळ आधी त्यांचं आहे.

१०.००
आता माझ्या मते दिवसातलं खरं काम : गल्ल्या. मराठवाड्यात शिवार काळीचं आणि गाव पांढरीवर. पांढऱ्या मातीच्या, दगडाच्या भिंती, आत लाकडी खांबांचे खण, वर मातीचं जाड माळवद. देवळाचे फोटो सगळेच काढतात. त्याला संरक्षण मिळतं, महोत्सव होतात. माळवदाकडे कुणी वळून पाहत नाही, आणि गावाच्या वयातलं बरंच काही त्याच्याखाली आहे.

ओसरीवर तूर निवडत बसलेल्या मावशींना विचारतो. "काढा की. पण काय काढायलाव यात? पुढच्या महिन्यात पाडायलोत." पोराने स्लॅबचं ठरवलंय. भिंतीतलं बळद, कोनाड्यातली चिमणी, खांबाखालची घडीव उथळी आणि माळवदाच्या झरोक्यातून चुलीच्या धुरात उतरलेला उजेड एकेक करून टिपतो. मावशींचा फोटो त्या सांगतील तिथेच : उंबऱ्यावर, पदर नीट करून.

पोराचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाची रात्र सरत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. लातूर-धाराशिव भागात हजारो माणसं अशाच जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गेली. गावंच्या गावं नव्या जागी वसवावी लागली. काही ठिकाणी तर दगडी भिंती ढासळल्या आणि लाकडी खांब उभेच राहिले. त्यानंतर दगड-मातीच्या घरात निर्धास्त झोप लागत नाही, हे कुणी कुणाला पटवून द्यायची गरज नाही. पण त्या गेलेल्या गावांतल्या गल्ल्या, पार, वाड्यांच्या ढेलजा कशा होत्या हे नातवंडांना दाखवायला कितीशा घरांत फोटो आहेत? लग्नाच्या फोटोत मागे दिसतो तेवढाच वाडा. घर पाडणं थांबवायचा हक्क मला नाही. पाडण्याआधी ते नीट टिपून ठेवणं माझ्या हातात आहे.

दुपारी १.००
बाहेर ऊन सपाट. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. मग सभामंडपात. चरकावर फिरवल्यासारखे गुळगुळीत खांब आणि त्यावर पिढ्यानपिढ्यांच्या हातांचा नि तेलाचा थर. फ्लॅश मारला की तो थर चकाकतो आणि नक्षी जाते. स्टँडवर कॅमेरा ठेवून काही सेकंद शटर उघडं ठेवायचं, दाराशी पांढरं धोतर धरून उजेड आत वळवायचा. गावची पोरं धोतर धरायला भांडतात.

३.३०
शिलालेख. अक्षरं उठून दिसावीत म्हणून कुणी खडू घासतं, कुणी पीठ चोळतं. हे करू नये. घासण्याने दगडाची झीज वाढते, आणि भरलेलं अक्षर भरणाऱ्याच्या समजुतीचं होऊन बसतं. शिलालेखावर चादरीचा आडोसा करून बॅटरी एका बाजूने जवळजवळ भिंतीला टेकवायची, मग दुसऱ्या बाजूने. चारही दिशांनी फोटो घेतले की एका फोटोत बुजलेलं अक्षर दुसऱ्यात सापडतं.

५.१५
परवानगी घेऊन एका माळवदावर. एका नजरेत देवळाचा काळा दगड, माळवदं, पत्रे आणि नवे स्लॅब.

रात्री ९.००
नांदेड. दोन डिस्कवर नकला. प्रत्येक फोटोला गाव, गल्ली, दिशा, तारीख, वेळ. हे लिहिलं नाही तर तीस वर्षांनी तो कुठल्याही गावचा फोटो होईल. देगलूर तालुक्यातली येरगी, तडखेल अजून बाकी आहेत. पण आधी मावशींचं घर : उद्या टेप घेऊन जायचं, खणांची मापं घ्यायची, उंबऱ्यावरच्या फोटोची मोठी प्रत त्यांच्या हातात द्यायची.