हार्वर्ड विमानाच्या खोडी आणि त्यांचे संगणकावरील प्रतिरूप

ज्या विमानावर नवशिक्याने उडावयास शिकावयाचे ते स्वभावाने गरीब असावे, असे कोणासही वाटेल. घोड्यावर बसावयास शिकणाऱ्या मुलास पहिल्याच दिवशी कोणी खोडील तट्टू देत नाही. वैमानिकाचे पहिले धडेही साध्यासुध्या विमानावरच होत असत. पण दुसऱ्या पायरीवर त्याच्या हाती जे विमान येई ते मुद्दाम थोडे खोडील असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, हिंदुस्थान अशा अनेक देशांत हे काम ज्या विमानाने केले त्याचे नाव हार्वर्ड. अमेरिकेत त्यालाच टेक्सन किंवा टी-सिक्स म्हणत. नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या या घराण्यातील मूळ विमान एप्रिल १९३५ मध्ये प्रथम उडाले, आणि पुढे या जातीची १५,००० हून अधिक विमाने तयार झाली. दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलाने तर ती १९९५ पर्यंत शिक्षणासाठी वापरली.

आज त्यांपैकी उडती विमाने थोडी उरली आहेत. परंतु घरच्या संगणकावर हार्वर्ड उडविणारे लोक मात्र जगभर आहेत. उड्डाणाची आज्ञावली चालू करावी, टेबलावर एक चालकदांडा आणि पायाखाली दोन पेडले ठेवावीत, की घरबसल्या विमान चालविता येते. चित्र तर इतके हुबेहूब असते की रंगाचे पोपडेसुद्धा दिसावेत. तथापि, श्रोतेहो, माझा आजचा प्रश्न चित्राचा नाही. विमानाच्या खोडी अंकांत उतरतात काय, आणि कितपत उतरतात, हा आहे.

जमिनीवर बसून उडावयास शिकण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या गृहस्थाने १९२९ च्या सुमारास असे पहिले उपयुक्त यंत्र रचले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो तयार करण्याचा कारखाना होता. तेव्हा लिंकने ऑर्गनचे भातेच घेऊन त्यांवर एक छोटे लाकडी विमान बसविले. दांडा हलविला की भाते फुगत वा आकसत, आणि विमान कलत असे. संगीताच्या पेटीतून विमानविद्येचे शिक्षण निघावे, हा योगायोग मोठा गोड आहे. प्रथम जत्रेतील करमणूक म्हणूनच लोक त्याकडे पाहत. १९३४ साली अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांना टपाल नेण्याचे काम मिळाले, वाईट हवेत अपघातांमागून अपघात झाले, आणि मग सैन्याने लिंकची सहा यंत्रे घाईने विकत घेतली.

संगणकात भाते नसतात, अंक असतात. विमानाचा वेग, पंखांचा हवेशी होणारा कोन, इंजिनाची ओढ, वजन, ही माहिती घेऊन यंत्र हिशोब करते आणि विमान पुढच्या क्षणी कोठे व कोणत्या पवित्र्यात असेल ते ठरविते. मग पुन्हा तोच हिशोब. फ्लाइटगिअर या सर्वांना मोफत मिळणाऱ्या आज्ञावलीत असा हिशोब सामान्यतः सेकंदाला १२० वेळा होतो. आकाशात सरळ चाललेल्या विमानाचे हे गणित आता अवघड राहिलेले नाही. खरी परीक्षा त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर आहे.

इंजिन सुरू करण्याचेच पाहा. हार्वर्डचे इंजिन म्हणजे ६०० अश्वशक्तीचे, नऊ सिलिंडरांचे, तारकाकृती यंत्र. ते काही वेळ उभे राहिले की वंगणाचे तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत साचते. तशात जोराने फिरविले तर दट्ट्या त्या तेलावर आपटतो. तेल दाबले जात नाही, तेव्हा लोखंड वाकते. म्हणून आधी प्रॉपेलर हाताने फिरवून पाहावयाचा. मग हातपंपाने पेट्रोलचा दाब आणावयाचा, सिलिंडरांत थोडे पेट्रोल शिंपडावयाचे, आणि पायाखालचे पेडल दाबून एक जड चाक वेगाने फिरू द्यावयाचे. त्याचा आवाज चढत चढत पुरेसा बारीक झाला की त्याच पेडलाची दुसरी बाजू दाबून ते चाक इंजिनास जोडावयाचे. ज्या आज्ञावलीत एक कळ दाबताच इंजिन धडधडू लागते, तिने यांतील काहीच शिकविले नाही. उलट ए-टू-ए नावाच्या संस्थेने टेक्सनचे जे प्रतिरूप केले आहे, त्यात इंजिनाची झीज एका उड्डाणाकडून दुसऱ्याकडे जमा होत राहते. आज इंजिनाला अती ताणले, तर उद्या ते कुरकुरते. मला हा प्रकार फार आवडतो. यंत्राला स्मरण असते, ही गोष्ट शिकाऱ्याला पुस्तकाने पटत नाही.

पेट्रोलच्या टाक्यांची गंमत याहून निराळी. टाक्या दोन, पण चालकापुढील तोटीवर जागा तीन: डावी, उजवी आणि राखीव. राखीव टाकी वेगळी नाहीच. डाव्या टाकीत दोन नळ्या आहेत, एक उंच आणि एक बुडाशी. उंच नळीची पातळी उतरली की इंजिन खोकू लागते, परंतु टाकीत सुमारे २० अमेरिकन गॅलन पेट्रोल शिल्लक असते. तोटी राखीववर फिरविली की ते मिळते. आता, सामान्य आज्ञावलीत टाकी म्हणजे एक अंक. अंक शून्य झाला की इंजिन बंद. अशा हिशोबात हार्वर्डची डावी टाकी मुळी बसतच नाही. कर्त्याला ती खास लिहावी लागते. आणि पेट्रोलचे काटे बैठकीच्या दोन्ही बाजूंना खाली जमिनीवर असल्यामुळे चालकाने मान वाकवून पाहिले पाहिजे. टेबलासमोर बसलेल्याला ते पडद्याच्या कोपऱ्यात आयते दाखविले, तर मान वाकविण्याची सवयच लागत नाही.

तीच गोष्ट चाके वर घेण्याची. चाके आणि पंखांवरील झडपा तेलाच्या दाबाने हलतात. पण इंजिनावरील पंप एरवी ते तेल नुसते फिरवीत असतो, दाब देत नाही. एक लहानशी दांडी दाबली म्हणजे थोडा वेळ दाब मिळतो, मग दांडी आपोआप परत येते. चाकांचा दांडा ओढला आणि ही दांडी दाबावयाची राहिली, तर काहीच घडत नाही. चालक दांड्याकडे पाहून समाधान मानतो, आणि चाके असतात तेथेच असतात! उतरण्याच्या वेळी ही विस्मृती किती महाग पडेल, ते सांगावयास नको.

आता जमिनीवरील वर्तन. हार्वर्डची दोन मोठी चाके पुढे, एक लहान चाक शेपटीखाली, आणि विमानाचा भारमध्य मोठ्या चाकांच्या मागे. त्यामुळे उतरल्यावर विमान थोडे जरी तिरपे झाले तरी मागचा भार पुढे येऊ पाहतो आणि तिरपेपणा वाढवितो. तळहातावर काठी उभी तोलून धरण्याचा खेळ मुले खेळतात. तसाच हा प्रकार. काठी जोवर सरळ आहे तोवर बोटभर हालचाल पुरते. एकदा कलली की हात कितीही पळविला तरी उपयोग नाही. विमान गर्रकन फिरते आणि पंखाचे टोक जमिनीला घासते. हे गणितात आणण्यासाठी चाकांचे आडवे घर्षण नीट मांडावे लागते. तो हिशोब ढोबळ असला की विमान एकतर बर्फावर घसरल्यासारखे वागते किंवा रुळांवरून चालल्यासारखे. रुळांवरील हार्वर्ड हे हार्वर्डच नव्हे. उड्डाणाच्या वेळी प्रॉपेलरच्या फिरण्याने विमान डावीकडे ओढले जाते, आणि शेपटी उचलताच ती ओढ क्षणभर आणखी वाढते, कारण फिरता प्रॉपेलर भोवऱ्यासारखा वागतो. हे नियम जुने व ज्ञात आहेत, म्हणून ते बरे उतरतात.

न उतरणारी गोष्ट ती स्टॉलची. वेग कमी करून नाक वर धरीत गेले की एका कोनापुढे हवा पंखावरून सुटते आणि आधार तुटतो. हार्वर्डमध्ये हे फारशी सूचना न देता होते, आणि बहुधा एक पंख आधी खचतो. खचणारा पंख खाली जात असतो, म्हणून त्याचा हवेशी होणारा कोन आणखी वाढतो आणि तो आणखी खचतो. उंचावर हा धडा असतो, पण धावपट्टीकडे वळताना जमिनीजवळ घडल्यास मृत्यू. आता दोन्ही पंखांचा आधार ज्या आज्ञावलीत एकाच कोष्टकातील एकाच अंकाने मोजला जातो, तीत दोन्ही पंख एकदमच खचतात. विमान नाक खाली घालून सभ्यपणे नमस्कार करते आणि पुन्हा उडू लागते. एक्स-प्लेन या आज्ञावलीची पद्धत निराळी आहे. ती पंखाचे अनेक तुकडे कल्पून प्रत्येकाचा हिशोब वेगळा करते, म्हणून एक बाजू आधी खचणे तेथे आपोआप संभवते. तरीही आधार तुटल्यानंतरची हवा इतकी अस्ताव्यस्त असते की तुकड्यांचे गणितही अंदाजच ठरते.

मग कर्ते काय करतात? ज्यांनी खरे विमान उडविले आहे त्यांना बसवितात आणि विचारतात, असेच होते काय? ते म्हणतात, नाही, याहून झटकन. अंक बदलतात, पुन्हा विचारतात. ही पद्धत शास्त्रीय कमी आणि वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी जास्त आहे, पण तीवाचून गत्यंतर नाही. तिच्यात एक मर्यादाही आहे. टेबलावरच्या दांड्यातील स्प्रिंग नेहमी सारखीच ओढते. खऱ्या दांड्यावरील जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि वेग ओसरला की दांडा हाताला सैल लागतो. धोक्याची हीच पहिली सूचना, आणि ती बहुतेक घरी मिळत नाही. केवळ पडद्यावर शिकलेल्याने खऱ्या विमानात आपल्या सवयींवर विसंबू नये, ते याचसाठी.

मग हा खटाटोप कशासाठी? संग्रहालयातील विमान त्याचा आकार सांगते, वागणूक सांगत नाही. जुन्या चालक-पुस्तिकांत कोणती दांडी केव्हा दाबावी ते असते, दाबल्यावर हाताला काय जाणवते ते क्वचितच. आपल्याकडे डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांटल यांच्यासारख्या आचार्यापाशी अध्ययन करून पुढे बंगलोरच्या कारखान्यात एच. टी. २ हे शिकाऊ विमान रचले, आणि ते १९५१ साली प्रथम उडाले. भारतीय हवाई दलातील कित्येक तरुण आधी त्यावर आणि मग हार्वर्डवर शिकले. त्या वेळी विशीत असलेले हे वैमानिक आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. अंकांना लागणारे उरलेले ज्ञान त्यांच्या हातापायांत आहे, कागदावर नाही.

आपल्या घरी वा शेजारी असे कोणी आजोबा असतील, तर त्यांना शौर्याच्या गोष्टी मागाहून विचाराव्यात. आधी विचारावे की स्टॉल होताना कोणता पंख आधी पडे, डावा की उजवा. झडपा उघडलेल्या असताना तोच पडे की दुसरा. त्याआधी दांडा थरथरे काय. आणि विमान उतरून सरळ धावू लागल्यावर त्यांचे पाय पेडलांवर किती वेळ नाचत असत.