वजन तेवढंच, कामं मात्र पडून

पहाटे ४.३०
मे महिना. भीमेवरचं उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेलंय, त्यामुळे कुंभारगावच्या काठावरून होडीपर्यंत पोचायलाच गाळातून बरंच चालावं लागतं. मच्छीमार काकांची हयात या पाण्यावर गेली. मी कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकवते आणि सुट्टीत त्यांच्या होडीत बसते. "बाई, पाय जपून टाका, शिंपलं कापतंय," असं म्हणत ते बॅटरीचा झोत माझ्या पायांपुढे धरतात.

सकाळी ५.३०
रात्री लावलेली जाळी उचलायची वेळ. पहिल्यात चिलापी, दुसऱ्यात चिलापी, तिसऱ्यात चिलापी आणि सकर. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेचा, शोभेच्या टाक्यांमधून आपल्या पाण्यात सुटलेला. अंगभर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत, आणि पुढच्या परांना करवतीसारखे काटे. काका त्याला होडीच्या फळीवर दाबून धरतात आणि जाळ्याचा एकेक आस काट्यावरून नखाने मागे सरकवतात. तरी चार-पाच आस तुटतातच. हा मासा कुणी विकत घेत नाही. म्हणजे जाळं गेलं आणि वेळही गेला. सगळी जाळी उपसून झाली तेव्हा चिलापीशिवाय दोन रोहू आणि एक वाम, एवढीच भर.

सकाळी ७.३०
भिगवणचा मासळी बाजार. क्रेट उतरतात, बर्फ फुटतो, लिलाव पुकारला जातो. काकांची चिलापी काट्यावर चढते आणि वहीत किलो लिहिले जातात. बारीकसारीक मासळी 'मिक्स' म्हणून एकाच पाटीत जाते, त्यात कोण कोण आहे हे कुणी बघत नाही. माझा सगळा झगडा या वहीशी आहे. किलो टिकून असले की मासेमारी ठीक चाललीय असं मानलं जातं. पण पाण्यात प्रत्येक जातीचं काम वेगळं असतं. दहा जातींचं वजन एका जातीने भरून काढता येतं, दहा जातींची कामं नाही.

सकाळी १०.००
प्रयोगशाळा. चिलापीचं पोट उघडलं की वेटोळी घातलेलं लांबलचक आतडं बाहेर येतं, आत हिरवट-तपकिरी लगदा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचे पुंजके आणि गाळाचे कण दिसतात. ही जात आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणली गेली. मादी पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे हिची वीण कुठल्याही साचलेल्या पाण्यात जमून जाते. वाहतं पाणी, गोटे, पूर यांची तिला गरज नाही.

भीमेच्या खोऱ्यातल्या मूळ माशांना ही गरज होती. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं, त्यात पुण्याच्या नद्यांमधला खुद्री महासीर आहे आणि नुक्ताही. नुक्ता गोट्यांवरचं शेवाळ खरवडून खायचा. महासीर फळं, किडे, शिंपले, लहान मासे असं सगळं खातो आणि चढणीच्या वेळी नदीत वर जातो. यांतला नुक्ता आज संकटात आहे.

दुपारी १.००
डबा खाताना एक विद्यार्थिनी विचारते, "मॅडम, शेवाळ आणि गाळ चिलापीपण खातेच की. मग नुक्ता नसला तर बिघडलं काय?"

या प्रश्नाचं उत्तर मी व्हेनेझुएलात शोधते. तिथे अँडीजच्या पायथ्याशी लास मारियास नावाची नदी आहे. तिच्यात प्रोकिलोडस हा गाळ खाणारा मासा मुबलक असतो, आणि त्याला मागणीही मोठी. संशोधकांनी नदीचा २१० मीटरचा पट्टा प्लास्टिकचा पडदा लावून उभा दुभागला आणि एका बाजूचे सगळे प्रोकिलोडस काढून टाकले. बाकीचे मासे दोन्ही बाजूंना होते, त्यांच्यात गाळ खाणारेही होते. तरीही प्रोकिलोडस नसलेल्या बाजूला तळावर सेंद्रिय गाळ साचला, प्रवाहाबरोबर खाली जाणारा कर्ब घटला, तळाचं श्वसन वाढलं. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. एकाच जातीची जागा बाकीच्या सगळ्यांना मिळून भरता आली नाही.

"पण मॅडम, ती वाहती नदी. उजनी तर धरण आहे." बरोबर आहे. धरणाने गोटे आणि प्रवाह आधीच बुडवले आणि पुणे-पिंपरीचं सांडपाणी वरून येतच असतं, त्यामुळे उजनीच्या हिरव्या पाण्याचा सगळा दोष माशांच्या कमी होण्यावर टाकणं खोटं ठरेल. पण आजारी पाण्याला सावरणारे हातच आपण कमी करत चाललोय, हे मला सहन होत नाही.

दुपारी ४.००
पारदर्शकता मोजायची काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडली की हातभर जायच्या आत दिसेनाशी होते. मासा नुसता खात नाही, तो कल्ल्यांवाटे नत्र बाहेर टाकतो, फॉस्फरस हाडांत साठवतो किंवा विष्ठेवाटे परत देतो, आणि हे प्रमाण जातीगणिक बदलतं. मेक्सिकोतल्या चाकामाक्स नदीत सकरने मांडलेला उच्छाद अभ्यासला गेलाय: त्या चिलखतात फॉस्फरस अडकून राहतो, नत्र मात्र पाण्यात भरपूर सुटतं. जात बदलली की पाण्याचं खतपाणीच बदलतं.

संध्याकाळी ५.३०
उघड्या पडलेल्या गाळात आम्ही शिंपले वेचतो. मोठे बरेच मिळतात, बोटाच्या पेराएवढे शोधूनही सापडत नाहीत. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे डिंभक काही दिवस माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात, आणि त्यांना वाटेल तो मासा चालत नाही. योग्य मासा गेला तरी मोठा शिंपला वर्षानुवर्षं जगतो, पाणी गाळत राहतो, फक्त त्याच्या मागून कुणी येत नाही. म्हणून सकाळच्या प्रत्येक माशाचे कल्ले मी वेगळ्या बाटल्यांत ठेवलेत. रात्री ते तपासायचेत.

संध्याकाळी ७.३०
काका अंगणात जाळं दुरुस्त करतायत. मी विषय काढते: पहिल्या पावसात ओढ्यांत मासा चढतो, तेवढे पंधरा दिवस ओढ्याच्या तोंडाशी कुणीच जाळं लावायचं नाही, आणि लिलावाच्या वहीत 'मिक्स'ऐवजी जातींची नावं लिहायची. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत एवढं मांडू या का?

"वहीचं हुईल, पोरगा लिहील," काका म्हणतात. "ओढ्याचं मांडा, पण आधी वडापवाल्यांना बोलवा. आमी सोडलं आन् त्यांनी बारीक जाळ्यानं पिल्लासकट उचललं, तर काय उपेग?"

बैठक सोमवारी आहे. वडापवाल्यांपैकी, म्हणजे बारीक जाळ्याने मासे धरणाऱ्यांपैकी, दोघांची घरं काकांना माहीत आहेत. उद्या लिलाव आटपला की तिकडे जायचं ठरतं.