दोन गळ्यांची गाणी

यंदा पंचक्रोशीतल्या एका जत्रेत तमाशाची गण-गवळण कशीबशी उरकली आणि उरलेली रात्र हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर गेली. फडाचा दोष नाही, मागणीच तशी होती. पण मनाला लागलं. तमाशाची पंढरी म्हणवणारं नारायणगाव आमच्या येडगावच्या शेजारी. इथेच गवळण नकोशी व्हावी?

भाऊ आणि बापू या भावांचा फड नारायणगावचा. तमाशा गाजवणारी विठाबाई ही भाऊंची लेक. तो काळ आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच ऐकला. पुढे कुकडीवर धरण झालं, शिवार बागायती झालं. माझा जीव अडकलाय तो 1980 नंतरच्या दशकात. ते दशक कॅसेटचं.

रात्री दारं धरायला जाताना टेपरेकॉर्डर बांधावर असायचा. फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. बाई ओळ टाकायची. मागचा झीलकरी कानावर हात ठेवून तिचा शेवटचा शब्द अलगद उचलायचा, वरच्या पट्टीत नेऊन सोडायचा. कोण कुठे थांबलं, कोण कुठे शिरलं, कळायचं नाही. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांच्या सवाल-जबाबातही हीच जादू होती.

मग घात झाला. त्याच गाण्यांच्या नव्या आवाजातल्या स्वस्त कॅसेटी आल्या. मी घेतलेल्या कित्येक कॅसेटींतून झीलकरी गायब होता, हलगीच्या जागी यंत्राचा ठेका होता आणि वेष्टनावर मूळ शाहिराचं नाव नव्हतं. ज्यांनी ‘पिंजरा’ सिनेमाची गाणी गुणगुणली आणि फडाकडे पाहून नाक मुरडलं, त्या पांढरपेशांनाही याचं काही वाटलं नाही. ते मी विसरलेलो नाही.

जुनी गाणी नव्या गळ्यांनी मान राखूनही गाता येतात, याचं एक उदाहरण आहे. अमेरिकेत 1958 साली डॉन आणि फिल एव्हर्ली या भावांनी वडिलांनी शिकवलेली जुनी ग्रामीण गाणी जोडीने गाऊन एक अल्बम केला. रॉक अँड रोलच्या ऐन भरातले हे गायक, पण बरोबर फक्त साधी गिटार आणि बासची साथ. 2013 साली बिली जो आर्मस्ट्राँग आणि पंडित रविशंकरांची लेक नोरा जोन्स यांनी तो अख्खा अल्बम ‘फॉरेव्हर्ली’ या नावाने पुन्हा गायला. पंचावन्न वर्षांनंतरही दोन गळे एकमेकांना धरून गातात, आणि ती गाणी आधी कुणी गायली हे अल्बमच्या नावातच दिसतं.

विठाबाई 15 जानेवारी 2002 रोजी गेली. तिच्या नावाने सरकार पुरस्कार देतं, ते योग्यच. पण भाऊ-बापूंच्या फडातल्या गवळणी आजच्या दोन चांगल्या गळ्यांनी, हलगी-ढोलकी-तुणतुण्यावर, शाहिरांची नावं छापून ध्वनिमुद्रित व्हायला हव्यात. जाणते झीलकरी अजून आहेत. जत्रा कमिट्यांनी डीजेच्या सुपारीतले थोडे पैसे यासाठी काढावेत. आत्ताच काढावेत.