आरएनएला उशीर सोसत नाही

मार्च 2020 मध्ये नांदेड-लातूरच्या करोना संशयित रुग्णाच्या घशातला स्वॅब बर्फाच्या डब्यात बंद होऊन पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे निघायचा. लातूरहून सव्वातीनशे किलोमीटर, नांदेडहून साडेचारशेच्या आसपास. अहवाल येईपर्यंत रुग्ण वॉर्डात, घरचे विलगीकरणात आणि गल्लीत तर्कांना ऊत. पुढच्या काही महिन्यांत हे चित्र पालटले. लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि नांदेडजवळच्या विष्णुपुरीचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अशी तिन्ही नावे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) मान्यताप्राप्त प्रयोगशाळांच्या यादीत आली. त्यातले विद्यापीठाचे नाव मला फार मोलाचे वाटते. हे विद्यापीठ 1994 साली 17 सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच स्थापन झाले. एरवी फळ्यावर आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत राहणारी पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याची विद्या तिथे थेट जिल्ह्याच्या कामाला आली.

ज्या पीसीआर यंत्राभोवती हे सगळे फिरते, ते दिसायला अगदी साधे असते. टेबलावर मावणारे खोके, समोर संगणक, आत 96 खळग्यांची प्लॅस्टिकची प्लेट. खरे कसब लागते ते यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी. डेंग्यू, चिकुनगुनिया, इन्फ्लुएंझा, करोना या सगळ्या विषाणूंचा वारसा आरएनएवर लिहिलेला असतो आणि आरएनए हा फार हळवा रेणू आहे. डीएनए हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांतूनही काढता येतो. विषाणूच्या कवचाबाहेर उघडा पडलेला आरएनए मात्र आपल्या बोटांवरची, थुंकीतली विकरे बघता बघता तोडून टाकतात. म्हणून स्वॅब विशिष्ट द्रावणात बुडवायचा, थंड ठेवायचा आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत आणायचा. किनवट-माहूरच्या नमुन्याला नुसते नांदेड गाठायलाच सव्वाशे-दीडशे किलोमीटर पडतात. उन्हाळ्यात मराठवाड्याचा पारा चाळिशीच्या पुढे असतो. त्या रस्त्यावर डब्यातला बर्फ टिकला की नाही, यावर निदान अवलंबून असते.

प्रयोगशाळेत आल्यावर आधी आरएनए वेगळा काढतात. पण पीसीआरला वाचता येतो तो डीएनए. तेव्हा आरएनएवरून डीएनएची नक्कल करावी लागते. हे काम करणारे विकर 1970 साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधले. माहिती डीएनएकडून आरएनएकडेच जाते, अशी तोवरची समजूत होती. तिला धक्का देणाऱ्या या शोधाला 1975 मध्ये नोबेल मिळाले. पुढचा भाग कॅरी मलिस यांचा, 1983 सालचा. मिश्रण 95 अंशांच्या आसपास तापवले की डीएनएचे दोन धागे सुटतात. थंड केले की प्रायमर नावाचे डीएनएचे छोटे तुकडे आपापल्या जागी चिकटतात आणि टॅक नावाचे विकर नवे धागे विणते. हे विकर गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचे, म्हणून इतक्या तापातही ते निकामी होत नाही. लातूरच्या क्लासेसमध्ये नीटची तयारी करणाऱ्या कोणत्याही मुलाला हे नाव झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. ते नाव जिथे रोज कामाला लागते ती जागा त्यांच्याच शहरात आहे, हे त्यांना कुणीतरी एकदा दाखवायला हवे.

दर फेरीला तुकडे दुप्पट होतात. एका तुकड्यापासून सुरुवात केली तर 35 फेऱ्यांनंतर 3,400 कोटींहून अधिक प्रती होतात. प्रती वाढतील तसा चमकणाऱ्या रंगाचा प्रकाशही वाढतो. तो कितव्या फेरीला ठरलेली रेषा ओलांडतो, तो आकडा म्हणजे सीटी. करोनाच्या काळात हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू यायचा. सीटी कमी, तर नमुन्यात विषाणू जास्त. आयसीएमआरने 35 ही सीमा धरली होती.

या अफाट शक्तीतच यंत्राचा धोका आहे. आदल्या दिवशीच्या नमुन्याचा एखादा अदृश्य थेंब हवेतून प्लेटमध्ये पडला, तर निरोगी माणूस पॉझिटिव्ह ठरू शकतो. म्हणून रसायने तयार करण्याची, आरएनए काढण्याची आणि यंत्र चालवण्याची जागा वेगवेगळी असते आणि काम एकाच दिशेने पुढे सरकते. प्रत्येक प्लेटमध्ये एका खळग्यात मुद्दाम विषाणू नसलेला नमुना घालतात. तोच पॉझिटिव्ह आला, तर त्या प्लेटवरचा एकही निकाल धरता येत नाही. पीपीई किटमध्ये घामाने निथळत रात्रपाळी करणाऱ्या तंत्रज्ञांनी ही शिस्त सांभाळली. त्यांचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही, असे माझे मत आहे.

या साऱ्या खटाटोपातून परवडणारी वाट शोधली ती नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील (नीरी) विषाणूशास्त्रज्ञ डॉ. कृष्णा खैरनार आणि त्यांच्या चमूने. त्यांच्या पद्धतीत नाकात काडी घालायची नाही. मिठाच्या द्रावणाची चूळ घशात काही सेकंद खळखळवायची आणि नळीत जमा करायची. प्रयोगशाळेत ते पाणी खास द्रावणात ठेवून तापवले की आरएनए थेट पीसीआरला लावता येतो. आरएनए वेगळा काढण्याचे महागडे किट यात लागतच नाही आणि निकाल तीन तासांत येतो. मे 2021 मध्ये आयसीएमआरने या पद्धतीला मान्यता दिली. ग्रामीण आणि आदिवासी भाग डोळ्यांसमोर ठेवून केलेले हे काम आहे. नाकातल्या काडीच्या धास्तीने चाचणी टाळणारे लोक ज्यांनी गावोगाव पाहिले आहेत, त्यांना त्याची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

पण ही यंत्रे केवळ करोनापुरती समजणे ही मोठी चूक ठरेल. लातूरचेच पाहा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते हे शहर. आठ-दहा दिवसांनी नळ येण्याची सवय झालेल्या घरांत टाक्या, बॅरल, रांजण कायम भरलेले असतात आणि डेंग्यू-चिकुनगुनियाचा एडिस डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. कोरडा दिवस पाळा, हे सांगणे सोपे आहे. पुन्हा पाणी कधी येईल याची खात्री नसलेल्या बाईने भरलेली टाकी रिकामी कशी करायची?

लातूर जिल्ह्यातल्याच उदगीरला जानेवारी 2025 मध्ये कावळे मरून पडू लागले. त्यांचे नमुने भोपाळच्या पशुरोग संस्थेत गेले आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. इन्फ्लुएंझाही आरएनएचाच विषाणू. पक्ष्यांच्या या साथीसाठी आपल्याला दुसऱ्या राज्याच्या राजधानीकडे पाहावे लागले. धोकादायक विषाणू हाताळायला तशी कडेकोट सुरक्षा लागते, हे मान्य. तरी माणसांच्या तापाचे निदान जिल्ह्यातच व्हायला हवे आणि त्यासाठी यंत्रे, रसायने व शिकलेले हात साथ नसतानाही कामात राहिले पाहिजेत. रसायनांना मुदत असते आणि सराव सुटला की हातही चुकतो. कंत्राट संपले म्हणून प्रशिक्षित तंत्रज्ञाला घरी पाठवणे ही काटकसर पुढच्या साथीत महागात पडेल.

वाचकांना एकच विनंती. डेंग्यूचा आरएनए रक्तात सापडतो तो साधारण पहिल्या पाच दिवसांत. त्यानंतर प्रतिपिंडांच्या चाचणीवर विसंबावे लागते. ताप अंगावर काढू नका. दुकानातून गोळी आणून आठवडा घालवण्याऐवजी सरकारी दवाखान्यात जा, ताप कोणत्या तारखेला आला ते डॉक्टरांना नीट सांगा आणि त्यांनी नमुना मागितला तर त्याच दिवशी द्या.