विमान एका तासाचं, प्रवास पाच तासांचा! सोलापूर-गोवा तिकीट काढण्याआधी हे वाचा

सोलापूर : जून 2025 मध्ये होटगी रोडवरच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. तेव्हापासून "गोवा फक्त एका तासात" असे मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतात. मेसेज खोटा नाही, पण तो तास विमानाचा आहे, तुमचा नाही.

आधी अंतर. मोबाईलवर सोलापूर ते मोपा हे हवाई अंतर 300 किलोमीटरच्या थोडं वर दिसतं. गाडीने मात्र 400 च्या पुढे जातं. विमानाला घाट नाही, गावं नाहीत. ते जवळपास सरळ रेषेत जातं.

आता हिशेब करणारे म्हणतील, या मार्गावरचं पंख्याचं एटीआर विमान ताशी 500 च्या आसपास पळतं, मग 300 किलोमीटरला तास कशाला? 36-37 मिनिटं झाली. पण तो वेग वर गेल्यावरचा. धावपट्टीपर्यंत सावकाश जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, कधी पुढचं विमान उतरेपर्यंत थांबणं, हे सगळं तिकिटावरच्या वेळेत धरलेलं असतं. अंतर जितकं कमी, तितका हा वरखर्च जास्त जाणवतो.

खरा वेळ जातो जमिनीवर. बॅगेचा काउंटर कंपनीप्रमाणे 45 ते 60 मिनिटं आधी बंद होतो, गेट त्यानंतर. एसटीसारखं हात दाखवून थांबवता येत नाही. म्हणून दीड तास आधी पोचलेलं बरं. उतरल्यावर बॅग मिळायला अर्धा तास धरा, मोप्याहून पणजी गाठायला आणखी तासभर.

अक्कलकोटचा माणूस धरू. सोलापूरपर्यंत 40 किलोमीटर, म्हणजे तास. विमानतळावर दीड तास, विमानात एक, बॅगेला अर्धा, पुढे पणजीला एक. झाले पाच तास. गाडीने त्याला नऊ-दहा तास लागले असते, म्हणजे अर्धा वेळ वाचला.

सांगोल्याच्या माणसाचं गणित वेगळं. त्याला गोवा नैऋत्येला, पण विमानासाठी 80 किलोमीटर उलटं सोलापूरला यावं लागतं. तो मिरज-कोल्हापूरच्या हायवेवरच बसलेला. त्याला विमानाने साडेपाच तास, गाडीने सात-आठ. चौघांचं कुटुंब असेल तर चार तिकिटं आणि दोन्हीकडची टॅक्सी धरून आधी आकडेमोड करावी.

सगळ्यात मोठी चूक होते ती पुढच्या विमानात. गोव्यात विमानतळ दोन आहेत. उत्तरेला पेडणे तालुक्यातलं मोपा (मनोहर विमानतळ, कोड जीओएक्स) आणि दक्षिणेला दाबोळी (जीओआय). दोघांमध्ये रस्त्याने 60 किलोमीटरच्या आसपास अंतर. सोलापूरचं विमान मोप्याला उतरतं. कुणी स्वस्त दिसलं म्हणून पुढचं तिकीट दाबोळीहून काढलं, तर मधल्या रस्त्यालाच दीड-दोन तास जातात. दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असली, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तरी दुसरी कंपनी पैसे देत नाही. तिकीट काढताना "गोवा" एवढंच वाचू नका, कोड वाचा. सोलापूरचा कोड एसएसई.

विमानाचे वार आणि वेळा बदलत असतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी कंपनीच्या साइटवर एकदा बघून घ्यावं, आणि तिकिटावर मोबाईल नंबर स्वतःचाच द्यावा. एजंटाचा नंबर असला तर वेळ बदलल्याचा मेसेज त्याच्याकडेच जातो.