जुन्या डिझेल ट्रकचे दुखणे : इंजिनात की गिअरबॉक्समध्ये?

कांदा, टोमॅटो, ऊस यांच्या वाहतुकीसाठी अनेक बागायतदारांनी वापरलेला जुना ट्रक घेतलेला असतो. असा ट्रक ऐन हंगामात घाटात दम टाकू लागला की मिस्त्री सहज सांगून मोकळा होतो, "इंजिनचे काम निघाले." या एका वाक्याची किंमत कधी कधी कांद्याच्या सबंध पिकाच्या नफ्याइतकी असते. म्हणून इंजिन खोलण्यास होकार देण्यापूर्वी काही साध्या परीक्षा स्वतः कराव्यात. मी पीकशास्त्राचा अध्यापक, यंत्र हा माझा विषय नव्हे. परंतु पान पिवळे दिसले की लगेच युरिया टाकणे जसे चुकीचे, तसेच ताकद कमी झाली की लगेच पिस्टन-लायनर बदलणेही चुकीचे. खाली दिलेल्या परीक्षा यांत्रिक डिझेल पंप असलेल्या जुन्या इंजिनांसाठीच आहेत.

धूर काय सांगतो?

भरलेला ट्रक चढावर ओढत नसेल, तर प्रथम आरशात मागचा धूर पाहावा. ओढ कमी आणि धूर काळाकुट्ट, तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. एअर क्लीनर धुळीने भरला असेल किंवा नोझल डिझेलचे तुषार न उडविता थेंब टाकीत असेल. बेसुमार माल भरल्यासही असाच धूर येतो, हे आपण सोयीने विसरतो. ओढ कमी आणि धूर जवळजवळ नाहीच, तर इंजिनाला डिझेलच पुरेसे मिळत नाही. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, तेव्हा इंजिन ठीक असून क्लच घसरतो आहे. या तीन अवस्था ओळखता आल्या तरी निम्मे निदान झाले.

माझ्या परिचयाच्या एका कांदा उत्पादकाचा सहाचाकी ट्रक संगमनेरहून पुण्याकडे जाताना चंदनापुरीच्या घाटात दर खेपेस बंद पडे. पंधरा-वीस मिनिटे थांबले की पुन्हा चाले. दोन मिस्त्रींनी इंजिन खोलण्याचा सल्ला दिला होता. त्यांनी एकीकडे आगाऊ रक्कमही ठरविली होती. धूर विचारला तर म्हणाले, "धूर नसतोच." डिझेल फिल्टर बदलूनही फरक पडला नाही. शेवटी गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडावयास सांगितले, तेव्हा आत हवा ओढल्याचा फुस्स असा आवाज आला. मूळ झाकण हरवल्यावर त्यांनी दुसरे झाकण ट्यूबचा रबर लावून घट्ट बसविले होते. त्याला हवेचे छिद्रच नव्हते! डिझेल कमी होईल तशी टाकीत पोकळी निर्माण होऊन डिझेल ओढले जात नसे. छिद्राचे झाकण बसविले आणि दुखणे गेले.

निळसर धूर मात्र गंभीर समजावा. तो ऑइल जळल्याचा असतो. पिस्टन रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेले असतात. इंजिन चालू असताना ऑइल भरावयाचे झाकण उघडून पाहावे. तेथून जोराने वाफ फेकली जात असेल, तर रिंगा गेल्या असे समजण्यास हरकत नाही. पण ऑइल-बाथ एअर क्लीनरमध्ये खुणेच्या वर ऑइल भरले तरीही धूर निळा होतो, म्हणून आधी ते तपासावे. थंडीत सकाळी मिनिटभर येणारा पांढरा धूर नैसर्गिक आहे. इंजिन तापल्यावरही तो राहिला व रेडिएटरचे पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून मग ते चालू करावे. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिल्यास संशय पक्का होतो. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसणे म्हणजे त्यात पाणी मिसळले. ऑइलची पातळी आपोआप वाढून त्याला डिझेलचा वास येत असेल, तर पंपाचे सील किंवा गळके नोझल पाहावे. असे ऑइल पातळ होऊन बेअरिंगे खाते, तेव्हा गाडी तशीच चालवू नये.

इंजिन एका ठेक्यात चालत नसेल, तर मिस्त्रीकडून एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करवून घ्यावा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करीत नाही. मग तेथील नोझल दुसऱ्या सिलिंडरला लावावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, जागीच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन. नळीतील डिझेलचा फवारा कातडीत घुसू शकतो, त्यामुळे हात दूर ठेवावा. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांवर हा प्रयोग कदापि करू नये.

क्लच आणि गिअरबॉक्स

सपाट जागी, हँडब्रेक ओढून व चाकांना दगड लावून टॉप गिअर टाकावा आणि थोडी रेस देऊन क्लच हळू सोडावा. इंजिन बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले तर क्लच प्लेट घसरते. ही परीक्षा क्षणभरच करावी, नाहीतर उरलेली प्लेटही जळेल.

आवाजाचे निदान यापेक्षा सोपे आहे. गाडी न्यूट्रलमध्ये असताना आवाज येतो व क्लच दाबताच थांबतो, तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग खराब. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. एकाच गिअरमध्ये आवाज असल्यास त्या गिअरचे दाते पाहावेत. सर्व गिअरमध्ये घरघर आणि डायरेक्ट टॉप गिअरमध्ये शांत, असे असेल तर खालच्या ले-शाफ्टची बेअरिंगे गेली आहेत, कारण डायरेक्ट गिअरमध्ये त्या शाफ्टवर भार नसतो. गिअर टाकताना दाते खरडत असतील तर लगेच गिअरबॉक्सला दोष देऊ नये. क्लच पूर्ण दाबून काही क्षण थांबावे व मग रिव्हर्स टाकावा. तरीही खरडले तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि दुरुस्ती तेथे हवी.

गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी ड्रेन प्लग काढून तेल स्वच्छ पत्र्यावर घ्यावे. पिवळसर बारीक चकाकी सिंक्रो रिंगांच्या झिजेची असते. ती थोडी असल्यास पुस्तिकेत सांगितलेले तेल भरून हंगाम पार पाडता येतो. दात्यांचे पोलादी तुकडे निघाले, तर मात्र ट्रक शेडमध्येच उभा ठेवून माल भाड्याच्या गाडीने पाठवावा.