आजीचा चौकोन

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो, घड्याळं एक तास मागे सरकतात आणि संध्याकाळी पाचलाच दिवेलागण होते. अमेरिकेतला लांबलचक सणांचा मोसम इथून सुरू होतो. लोकरीच्या दुकानांत लाल-हिरवे गुंडे दर्शनी येतात, कारण इथल्या असंख्य घरांत याच दिवसांत ‘हॉलिडे ब्लँकेट’ विणायला घेतात. सोफ्यावर पडणारं, सगळ्यांनी मिळून पाय झाकायचं असं ते पांघरूण. बहुतेक वेळा ते ज्या तुकड्यांचं बनतं, त्याचं नाव ‘ग्रॅनी स्क्वेअर’, म्हणजे चक्क आजीचा चौकोन!

या चौकोनाचा नमुना १८८५ साली ‘प्रेअरी फार्मर’ या अमेरिकन शेतकी पत्रात छापून आला होता. उरलेसुरले धागे वाया न घालवता ऊब तयार करायची, ही त्यामागची काटकसर. आपल्याला ती काही नवी नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या बायकांनी हेच केलं. फरक इतकाच, की गोधडीला मांडी ठोकून बसायला ऐसपैस जागा लागते आणि हा चौकोन तळहातावर मावतो. मुलाच्या पोहण्याच्या क्लासबाहेर, विमानतळावर, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, कुठेही तो पुढे सरकतो.

करायचा कसा? पाच मिलीमीटरची क्रोशाची सुई आणि मध्यम जाडीची, म्हणजे वेष्टनावर ४ हा आकडा असलेली लोकर घ्या. चार साखळ्या घालून त्यांचं कडं करा. कड्यात तीन-तीन खांबांचे चार गट घाला आणि प्रत्येक गटानंतर दोन साखळ्या. झाले चार कोपरे. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब. आणि दोन कोपऱ्यांच्या मध्ये एक साखळी. तिसऱ्या फेरीपासून कडेच्या प्रत्येक फटीत तीन खांबांचा एक गट वाढत जातो. ठिपक्यांच्या रांगोळीसारखं हे मधून बाहेर फुलतं, म्हणून मुलांना पटकन समजतं. पाच-सहा फेऱ्यांत सुमारे सहा इंचांचा चौकोन होतो.

आपल्या घरांत इथे एक गंमतशीर भांडण होतं. भारतातल्या बऱ्याच जणी ब्रिटिश पद्धतीच्या पुस्तकांवरून शिकल्या. त्यात ज्याला ‘ट्रेबल’ म्हणतात, त्यालाच अमेरिकेत ‘डबल क्रोशे’ म्हणतात. आणि ब्रिटिशांचा ‘डबल’ हा अमेरिकेचा ‘सिंगल’. सासूबाई पुस्तक बघून सांगतात, सून व्हिडिओ बघून विणते आणि दोघींचे चौकोन वेगळेच होतात. यावर उपाय आपल्याच भाषेत आहे. ‘खांब’ म्हणा. खांब दोन्हीकडे खांबच असतो.

आता हिशेब. आडवे आठ आणि उभे दहा असे ८० चौकोन जोडले, की ४८ बाय ६० इंचांचं पांघरूण होतं. लोकर किती लागेल? एक चौकोन विणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. तो १२ ग्रॅम भरला तर ८० चौकोनांना ९६० ग्रॅम. जोडणी आणि काठासाठी थोडी जास्त घ्या. दिवाळीत सुरुवात केली आणि रोज एक चौकोन केला, तर संक्रांतीच्या आसपास पांघरूण तयार. दिवाळी उशिरा आली, तर एखाद्या दिवशी दोन करावे लागतील!

रंग आपले घ्या. झेंडूचा केशरी, हळदीचा पिवळा, राणी, मोरपंखी, अंजिरी. शेवटची फेरी मात्र सगळ्या चौकोनांना एकाच रंगाची ठेवा, म्हणजे कितीही रंग असले तरी पांघरूण एकजीव दिसतं. काळा काठ ही या चौकोनांची जुनी रीत आहे. काळ्यावर बाकीचे रंग उठून दिसतात आणि संक्रांतीला काळं हवंच असतं.

अनेक हात लागले की चौकोन लहान-मोठे होतात. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल. घट्ट हाताला अर्धा मिलीमीटर जाड सुई द्या. धाग्याची टोकं सहा इंच सोडा आणि रोजची रोज आत ओवून टाका. शेवटी सगळी टोकं एकदम समोर आली, की भलेभले कपाटाचं दार लावून घेतात.

आमच्या मंडळातल्या एक आजी सहा महिन्यांसाठी लेकाकडे आल्या होत्या. दिवसभर घर रिकामं, गाडी चालवता येत नाही, नातवाचं मराठी ‘हो’ आणि ‘नको’पुरतं. त्यांनी विणायला घेतलं. नातू शेजारी बसून गट मोजू लागला. साखळी, खांब, फेरी, कोपरा, सैल, घट्ट, उसव, पुन्हा घाल, असे शब्द एकेक करून त्याच्या तोंडी बसले. मुदत संपून त्या परतल्या तेव्हा ५३ चौकोन झाले होते. उरलेले २७ अकरा वर्षांच्या नातवाने केले. दर रविवारी तो चौकोन कॅमेऱ्यासमोर धरतो आणि आजी पुण्याहून म्हणतात, “कोपरा बघ जरा, निसटलाय.” आजींची बोटं आता आखडतात, त्या फारसं विणत नाहीत. दोन हातांचे चौकोन त्या पांघरुणात वेगळे ओळखू येतात. घरच्यांनी ते मुद्दाम एकमेकांत मिसळून जोडले आहेत.

पांघरूण दान करायचं असेल, तर आधी मापं विचारा. ‘वॉर्म अप अमेरिका’ ही संस्था सात बाय नऊ इंचांचे सुटे तुकडे घेते. ४९ तुकड्यांचं एक पांघरूण होतं. मशीनमध्ये धुता येणारी अ‍ॅक्रिलिक लोकर वापरा, पण तिच्यावर गरम इस्त्री टेकवू नका, धागा वितळतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात कुठलंही सुटं पांघरूण ठेवू नये, असं इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळासाठी केलंत तर ते कडेवर घेताना वापरा.

यंदा आई-बाबा यायचे असतील, तर त्यांच्या खोलीत एक सुई आणि चार गुंडे ठेवून बघा. न येणार असतील, तर त्यांना चौकोन करून पाठवायला सांगा. दहा चौकोनांचं वजन चकलीच्या एका पुड्याहून जास्त नसतं. कोणाच्याही बॅगेत ते बसतील.